थांबण्याचें शास्त्र

कोणत्याही कार्याच्या आरंभाकडे माणसाचें जितकें लक्ष असतें, तितकें त्याच्या समाप्तीकडे नसतें. आरंभाला मुहूर्त पाहतात, नारळ फोडतात, चार माणसें बोलावतात. समाप्ति मात्र बहुधा कोणाच्या ध्यानांत न येतां होऊन जाते. यंत्रांच्या बाबतींतही हाच पक्षपात आढळतो. यंत्र सुरू कसें होतें, हें विचारणारे पुष्कळ. तें थांबतें कसें, हें विचारणारा विरळा. यंत्र थांबणें म्हणजे नुसतें कांहीं न करणें, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, हें दाखविणारें एक उदाहरण आज प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाच्या घरांत, किंबहुना घरांतील प्रत्येक खोलींत आहे. मोबाइलच्या चार्जरमध्यें, दूरचित्रवाणीच्या संचांत, संगणकाच्या पेटींत आणि एलईडी दिव्याच्या बुडाशीं जें छोटेखानी पुरवठायंत्र बसविलेलें असतें, तें हें उदाहरण होय. तंत्रज्ञांच्या भाषेंत त्याला स्विचिंग पॉवर सप्लाय म्हणतात.

या यंत्राची गरज कां पडली, हें प्रथम पाहणें उचित होईल. भिंतीवरच्या सॉकेटांत येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते. उलटपक्षीं जुन्या व साध्या मोबाइल-चार्जरला ५ व्होल्ट द्यावयाचे असतात, आणि संगणकाच्या प्रोसेसरची भूक तर १ व्होल्टच्या आसपास भागते. दाब कमी करण्याची जुनी रीत अशी होती कीं, जडशीळ ट्रॅन्सफॉर्मरनें तो बराचसा उतरवावा आणि उरलेला अधिक दाब उष्णतेच्या रूपानें जाळून टाकावा. ही रीत सुरक्षित खरी, पण उधळी. नवी रीत काटकसरीची आहे. तींत वीज जाळावयाची नसून तिचे बारीक बारीक तुकडे करावयाचे असतात. ट्रँझिस्टरची एक कळ सेकंदाला हजारों, कधीं लाखों वेळां उघडमीट करते, आणि ती किती वेळ मिटलेली ठेवावयाची यावर पलीकडे मिळणारा दाब ठरतो. या कळीवर हुकमत चालविणारा जो छोटासा सिलिकॉनचा तुकडा, तोच नियंत्रक. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेंतील सिलिकॉन जनरल या कंपनींत रॉबर्ट मॅमानो यांनीं एसजी १५२४ नांवाचा नियंत्रक एका चिपमध्यें बसविला. त्यापूर्वीं हें काम अनेक सुट्या भागांची जुळवाजुळव करून करावें लागे. १९७७ सालीं बाजारांत आलेल्या ॲपल-२ या घरगुती संगणकांत रॉड होल्ट यांनीं रचलेला स्विचिंग पद्धतीचाच पुरवठा होता. त्यानंतर या पद्धतीनें जुन्या पद्धतीला घराघरांतून हळूहळू निरोप दिला.

आतां या यंत्राचें अंतरंग पाहूं जातां त्यांत चार मुख्य पात्रें दिसतात. दोन कळा, एक तारेचें वेटोळें आणि एक कपॅसिटर. वेटोळ्याचा स्वभाव कुंभाराच्या चाकासारखा आहे. कुंभार काठीनें चाकाला मधून मधून गति देतो. तरी जड चाक आपल्या अंगच्या वेगानें एकसारखें फिरत राहतें. वेटोळ्यांतून वाहूं लागलेला विद्युत्प्रवाहही असाच सहजासहजीं थांबत नाहीं. विजेचा हा गुण जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८३२ सालीं प्रसिद्ध केला. कपॅसिटर हा रांजणासारखा असतो. त्यांत विजेचा सांठा होतो, आणि मागणी क्षणभर वाढली तरी पातळी एकदम ढासळत नाहीं. वरची कळ मिटली म्हणजे उगमाकडील वीज वेटोळ्यांत शिरते, चाकाला काठीचा धक्का बसतो. वरची उघडून खालची मिटली म्हणजे उगमाचा संबंध तुटतो, तरी वेटोळें आपल्याच जोरावर प्रवाह चालू ठेवतें व रांजण भरत राहतो. १२ व्होल्टचा १ व्होल्ट करावयाचा असेल तर वरची कळ एकूण वेळेच्या सुमारें बाराव्या हिश्श्यापुरती मिटलेली ठेवावी लागते. नियंत्रकाजवळ एक प्रमाणदाब असतो. बाहेर पडणारा दाब त्याच्याशीं ताडून पाहावा, कमी भरला तर कळ अधिक वेळ मिटावी, जास्त झाला तर कमी वेळ मिटावी, एवढाच त्याचा अखंड उद्योग.

हा उद्योग सुरू होण्याच्या क्षणीं एक अडचण उभी राहते. रांजण रिकामा असतो. नियंत्रकाला दिसतें कीं हवे आहेत ५ व्होल्ट आणि आहे शून्य. तो घाबऱ्या घाबऱ्या वरची कळ जास्तींत जास्त वेळ मिटून धरतो, प्रवाहाचा लोंढा आंत घुसतो, आणि रांजण भरल्यावरही चाकाचा वेग न आवरल्यानें पाणी काठावरून उसळतें. यास्तव तंत्रज्ञांनीं सौम्य आरंभाची युक्ति योजिली. प्रमाणदाब एकदम पूर्ण न दाखवितां शून्यापासून कांहीं मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या कांहीं सहस्रांश भागांत, हळूहळू चढविला जातो. नियंत्रकाला प्रत्येक क्षणीं थोडीच तूट दिसते आणि तो शांतपणें ती भरून काढतो. सौम्य आरंभ आज जवळजवळ प्रत्येक नियंत्रकांत असतो. सौम्य विरामाला मात्र हा मान उशिरा मिळाला; आणि त्यांतील खरी मेख अतिदाब-संरक्षणाशीं त्याचा जो संबंध येतो त्यांत आहे. म्हणून आधीं अतिदाबाचा विचार करावयास हवा.

विजेच्या उपकरणाला दाब कमी मिळाला तर तें बहुधा नुसतें बंद पडतें. दाब पूर्ववत् झाला कीं पुन्हां चालूं लागतें. दाब अधिक झाला तर मात्र तें मरतें. उपासानें मनुष्य थकतो, विषानें जातो. तसाच हा भेद आहे. प्रोसेसरमधील ट्रँझिस्टरांत विद्युद्रोधक थर अवघ्या कांहीं नॅनोमीटर जाडीचे असतात, आणि त्यांना दुप्पट दाबही सोसत नाहीं. पुरवठायंत्रांत असा अतिदाब दोन रीतींनीं उद्भवूं शकतो. वरची कळ बिघडून कायमची मिटलेली राहिली, तर उगमाचे १२ व्होल्ट सरळ १ व्होल्टच्या प्रोसेसरवर चालून जातात. आणि या जातीच्या ट्रँझिस्टर-कळा बिघडतात त्या बहुतेक वेळां मिटलेल्या स्थितींतच बिघडतात. दुसरी रीत अशी कीं, बाहेरचा दाब नियंत्रकाला कळविणारी तार तुटते. मग त्याला नेहमीं शून्यच दिसतें, आणि तो आंधळ्या निष्ठेनें दाब वाढवीत राहतो.

या संकटावरील जुना उपाय मोठा रांगडा आहे. इंग्रजी तंत्रज्ञ त्याला जें नांव देतात त्याचा अर्थ पहार असाच होतो. विजेच्या दोन उघड्या पट्ट्यांवर लोखंडी पहार आडवी टाकली तर जें होईल, तेंच येथें मुद्दाम घडवून आणतात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९५७ सालीं पुढें आणलेला थायरिस्टर या कामीं विशेष उपयोगी पडला. दाब मर्यादेबाहेर गेला कीं थायरिस्टर बाहेरच्या दोन्ही टोकांना एकमेकांशीं जोडून टाकतो, दाब कोसळतो, उगमाकडील फ्यूज वितळतो आणि पुरवठा कायमचा तुटतो. पुरवठायंत्र स्वतः जायबंदी होतें, परंतु त्यावर अवलंबून असलेलें मौल्यवान उपकरण वांचतें. अर्वाचीन नियंत्रकांत वेगळी पहार पुष्कळदां नसते. खालची कळ मिटून धरली कीं तीच पहारेचें काम करते.

पहार केव्हां टाकावी, याचें माप मात्र बारकाईनें ठरवावें लागतें. संगणकांच्या पुरवठायंत्रांसाठीं इंटेलनें प्रसिद्ध केलेल्या एटीएक्स मार्गदर्शिकेंत ५ व्होल्टच्या वाहिनीसाठीं ही मर्यादा ५.७४ ते ७ व्होल्टच्या दरम्यान, आणि १२ व्होल्टच्या वाहिनीसाठीं १३.४ ते १५.६ व्होल्टच्या दरम्यान घातलेली आढळते. वरचें टोक कां घालावें, हें उघड आहे. खालचें टोकही तितकेंच अर्थपूर्ण आहे. जो पहारेकरी वाऱ्यानें पान हललें तरी बंदूक झाडतो, तो चोराइतकाच घरच्यांना धोक्याचा. रक्षकानें उशीर करूं नये आणि उतावीळही होऊं नये, या दोन्ही गोष्टी त्या आंकड्यांत सामावल्या आहेत.

अतिदाबाचा आणखी एक दुष्ट गुण असा कीं, तो कधीं कधीं थांबविण्याचें साधनच निकामी करून टाकतो. याचें इतिहासप्रसिद्ध उदाहरण अपोलो-१३ या चांद्रयानाचें आहे. हें उदाहरण पुरवठायंत्राचें नव्हे; परंतु अतिदाब आणि थांबणें यांचा संबंध इतका स्पष्ट दाखविणारी दुसरी हकिगत क्वचितच सांपडेल. यानाच्या प्राणवायूच्या टाकींत तापनाच्या तारा होत्या, आणि टाकी सुमारें २७ अंश सेल्सिअसहून अधिक तापूं लागल्यास त्या बंद करणाऱ्या स्वयंचलित कळा होत्या. या कळा २८ व्होल्टसाठीं केलेल्या होत्या. पुढें तळावरील विजेचा दाब ६५ व्होल्ट ठरला, परंतु कळा बदलावयाच्या राहिल्या. १९७० च्या मार्च महिन्यांत उड्डाणापूर्वींच्या चांचणीनंतर टाकी रिकामी करण्यासाठीं तापनाच्या तारा सुमारें आठ तास चालू ठेवण्यांत आल्या. कळा उघडूं लागल्या तेव्हां ६५ व्होल्टच्या ठिणगीनें त्यांचीं टोकें एकमेकांस वितळून चिकटलीं. तापमान ५०० अंशांच्याही वर गेलें आणि आंतील तारांचें वेष्टण जळालें. १३ एप्रिल १९७० रोजीं, यान पृथ्वीपासून सुमारें ३ लक्ष २० हजार किलोमीटरवर असतांना, त्या टाकीचा स्फोट झाला. लोव्हेल, स्विगर्ट व हेज हे तिघे अंतराळवीर १७ एप्रिलला सुखरूप परतले, हें दैव आणि कौशल्य दोहोंचें फळ. २८ आणि ६५ या दोन आंकड्यांतील अंतरानें थांबविणारी कळच थांबवेनाशी झाली, हा त्यांतील धडा.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतां येईल. पुरवठायंत्र थांबवावयाचें असल्यास तें कसें थांबवावें? तीन मार्ग संभवतात.

पहिला मार्ग सोडून देण्याचा. दोन्ही कळा उघडाव्या आणि रांजणांतील सांठा उपकरणानें आपल्या गतीनें संपवावा. उपकरण भरपूर वीज खाणारें असेल तर हें चटकन होतें. अल्पाहारी असेल तर रांजण बराच वेळ अर्धामुर्धा भरलेला राहतो. चार्जर सॉकेटांतून काढल्यावरही त्याचा छोटा दिवा कांहीं क्षण मंद होत होत विझतो, तें या शिल्लक सांठ्यामुळें. साध्या चार्जरमध्यें यानें बिघडत नाहीं. परंतु अनेक चिपांना एकाच वेळीं निरनिराळ्या दाबांच्या दोन-तीन वाहिन्या लागतात, आणि त्या कोणत्या क्रमानें चढाव्या व उतराव्या हें ठरलेलें असतें. एक वाहिनी उतरली आणि दुसरी रेंगाळली, तर चिपच्या आंत भलत्याच वाटेनें प्रवाह वाहूं लागतो. म्हणून सोडून देणें हें नेहमींच पुरेसें होत नाहीं.

दुसरा मार्ग दडपून टाकण्याचा. खालची कळ एकदम मिटून धरावी, म्हणजे दाब तत्काळ खालीं येईल, असें प्रथमदर्शनीं वाटतें. येथें वेटोळ्याचा स्वभाव आडवा येतो. समजा, रांजण १००० मायक्रोफॅरडचा असून ५ व्होल्टांनीं भरलेला आहे, आणि वेटोळें १ मायक्रोहेन्रीचें आहे. कोठेंच कांहीं क्षय होत नाहीं असें धरल्यास, खालची कळ मिटतांच सेकंदाच्या सुमारें वीस-हजाराव्या भागांत दाब शून्यावर येतो खरा. पण त्या क्षणीं वेटोळ्यांतून दीडशें अँपिअरहून अधिक प्रवाह उलट दिशेनें धांवत असतो. चाक फिरूं लागलेलें असतें, तें शून्यावर कसें थांबावें? तें दाबाला शून्याच्याही खालीं ओढीत नेतें. झोपाळा मध्यावर न थांबतां पलीकडे जातो तसाच हा प्रकार. प्रत्यक्षांत तारांच्या रोधामुळें ही उडी पुष्कळ आंखूड होते. तथापि उलट्या दाबाचा लहानसा फटकाही चिपांना आणि इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कपॅसिटरांना अपायकारक ठरतो.

तिसरा मार्ग सौम्य विरामाचा. ज्या जिन्यानें वर चढावयाचें त्याच जिन्यानें खालीं उतरावयाचें. प्रमाणदाब कांहीं मिलिसेकंदांत हळूहळू शून्याकडे न्यावा, नियंत्रकानें शेवटपर्यंत जागें राहून बाहेरचा दाब त्याच्या मागोमाग उतरवावा, आणि सर्व शांत झाल्यावरच कळा सोडाव्या. कल्पना सुरेख आहे. परंतु सौम्य दिसणाऱ्या या मार्गावर दोन धोके लपलेले असतात.

पहिला धोका शिल्लक शक्तीचा. रांजणांतील पातळी सक्तीनें खालीं आणावयाची तर आंतील शक्ति कोठें तरी गेली पाहिजे. दोन कळांचें हें यंत्र उलटही चालूं शकतें. मग तें बाहेरच्या कमी दाबाची वीज वेटोळ्यांतून उचलून उगमाकडे, अधिक दाबानें, परत लोटतें. मुंबईच्या उपनगरी मार्गावरील नव्या गाड्या ब्रेक लावतांना नेमकें हेंच करतात. चाकांची गति विजेंत रूपांतरित होऊन माथ्यावरील तारेकडे परत जाते. तारेला ती वीज घेणारा कोणी असेल तर उत्तमच. कोणी घेणारा नसेल तर दाब चढूं लागतो, आणि ती शक्ति अन्य मार्गानें खर्च करावी लागते. पुरवठायंत्राच्या उगमाकडे वीज परत न घेणारा डायोड असेल, तर तेथेंही हाच प्रसंग ओढवतो. वरील उदाहरणांतील रांजणांत साडेबारा मिलिजूल शक्ति असते. उगमाच्या बाजूचा कपॅसिटर २२ मायक्रोफॅरडचा व १२ व्होल्टांनीं भरलेला असेल, तर त्यांत स्वतःची शक्ति दीड मिलिजूलच्या आसपास असते. बाहेरची सगळी शक्ति त्यांत कोंबली गेल्यास कागदावरच्या गणिताप्रमाणें त्याचा दाब १२ वरून सुमारें ३६ व्होल्टवर जातो. प्रत्यक्षांत क्षय होऊन हा आंकडा कमी भरेल. तरीही २५ व्होल्टपुरत्या बेतानें निवडलेल्या भागांना तो पुरून उरण्याचा संभव आहे. अशा रीतीनें एका बाजूचा दाब हळुवारपणें उतरवितांना दुसऱ्या बाजूला अतिदाब उत्पन्न होतो.

हें टाळण्यासाठीं नियंत्रकाला वीज उलट लोटण्याची मनाई करतां येते. मग दुसरा धोका पुढें येतो, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. अतिदाबाची मर्यादा पुष्कळदां प्रमाणदाबाच्या प्रमाणांत बांधलेली असते. उदाहरणार्थ, प्रमाणदाबाच्या १२० टक्के. प्रमाणदाब ५ व्होल्ट असतां मर्यादा ६ व्होल्टवर असते व सर्व क्षेम असतें. सौम्य विराम सुरू होऊन प्रमाणदाब ४ व्होल्टवर आला कीं मर्यादाही ४.८ व्होल्टवर उतरते. पण उपकरण अल्पाहारी आहे, आणि उलट लोटण्यास मनाई आहे. त्यामुळें बाहेरचा दाब अजून ४.९ व्होल्टवरच रेंगाळत असतो. येथें दाब कोठेंही वाढलेला नाहीं, उलट थोडा कमीच झालेला आहे. परंतु पहारेकऱ्याला दिसतें तें एवढेंच कीं, मर्यादेच्या वर कोणी तरी आहे. तो घंटा वाजवितो, पहार आडवी पडते, खालची कळ मिटते. आणि दीडशें अँपिअरचा जो दडपशाहीचा मार्ग टाळण्यासाठीं सौम्य विराम योजिला होता, त्याच मार्गानें यंत्र थांबतें. उतरणीच्या सौम्यपणांतूनच आघात जन्माला येतो.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे विरामाच्या काळापुरता पहारेकऱ्याला झोंपवून ठेवणें. हा उपाय सोपा आहे आणि म्हणूनच मोहक आहे. त्यांतील दोष असा कीं, खरा बिघाड वेळ पाहून येत नाहीं. यंत्र थांबत असतांनाच वरची कळ बिघडून मिटलेली राहिली, तर १२ व्होल्टचा लोंढा निद्रिस्त पहारेकऱ्याच्या अंगावरून थेट प्रोसेसरवर जाईल. खोट्या घंटेचा त्रास चुकविण्यासाठीं खरी घंटाच काढून ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

अधिक चांगला उपाय मर्यादेचा विचार निराळ्या रीतीनें करतो. अतिदाबाची भीति कोणासाठीं? उपकरणासाठीं. उपकरणाची सोसण्याची शक्ति नियंत्रकाचा प्रमाणदाब उतरल्यानें कमी होत नाहीं. ५ व्होल्टच्या उपकरणाला ४.९ व्होल्ट केव्हांही सुरक्षितच असतात. म्हणून विराम चालू असतांना मर्यादा प्रमाणदाबाबरोबर खालीं न आणतां मूळच्या ६ व्होल्टवर स्थिर ठेवावी. पहारेकरी जागाच राहतो. त्याला फक्त उतरणारा घरचा माणूस आणि चढणारा चोर यांतील फरक कळूं लागतो. त्याच्या जोडीला उतरणीचा वेग रांजणाच्या खऱ्या रिकामें होण्याच्या वेगाशीं जुळवून घ्यावा लागतो. अनेक नियंत्रकांत याकरितां एक लहानसा रोध बंद होण्याच्या वेळीं रांजणाला जोडला जातो. १००० मायक्रोफॅरडच्या रांजणाला १०० ओहमचा रोध जोडल्यास तो सुमारें अर्ध्या सेकंदांत जवळजवळ रिता होतो. शक्ति उगमाकडे न जातां उष्णतेच्या रूपानें विरून जाते, आणि उलट्या दाबाचीही भीति राहत नाहीं. शिवाय पहार टाकण्याचीच वेळ आली, तर दाब बराच खालीं येतांच खालची कळ सोडून द्यावी, म्हणजे झोपाळा पलीकडे जाणार नाहीं, अशीही योजना कांहीं नियंत्रकांत केलेली असते.

यावरून असें मात्र कोणीं समजूं नये कीं प्रत्येक वेळीं सौम्यपणाच श्रेष्ठ. थांबण्याची आज्ञा शांतपणें आली असेल, तरच सौम्य विराम शोभतो. खरा अतिदाब उद्भवला असतां प्रमाणदाब हळूहळू उतरवीत बसणें व्यर्थ आहे. वरची कळ जर बिघडलेलीच असेल तर ती कोणाची आज्ञा ऐकणार? तेथें पहारच हवी, आणि पहार टाकल्यावर यंत्रानें स्वतःहून पुन्हां सुरू होऊं नये, असाही दंडक पुष्कळ यंत्रांत पाळतात. वीज पूर्ण तोडून पुन्हां जोडीपर्यंत तें मौन धरून राहतें. प्रवाह प्रमाणाबाहेर गेल्यास नियम थोडा निराळा असतो. यंत्र क्षणभर थांबून पुन्हां प्रयत्न करतें, पुन्हां थांबतें, आणि या वागण्याला तंत्रज्ञ उचकीचीच उपमा देतात. भिंतीवरची वीजच गेली, तर सौम्यपणाला अवधि फार थोडा उरतो. त्यासाठीं संगणकाच्या एटीएक्स पुरवठायंत्रावर असें बंधन आहे कीं, दाब ढळण्यापूर्वीं किमान १ मिलिसेकंद आधीं त्यानें संगणकाला इशारा द्यावा. माणसाला हा काळ पापणी लवण्याइतकाही वाटत नाहीं. सेकंदाला अब्जावधि क्रिया करणाऱ्या प्रोसेसरला मात्र तेवढ्यांत लाखों क्रिया उरकतां येतात.

गृहस्थाला या सर्व विवेचनाचा व्यावहारिक उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. त्याचीं तीन उत्तरें देतां येतील. एक, पुरवठायंत्राची पेटी तार काढल्याबरोबर कधींही उघडूं नये. २३० व्होल्टच्या विजेनें तिच्या आंतील मोठा कपॅसिटर सुमारें ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो, आणि तार काढल्यानें तो तत्काळ रिता होतोच असें नाहीं. दोन, एखादें यंत्र अचानक बंद पडून मौन धरून बसलें, तर सॉकेटांतून तार काढून थोडा वेळ थांबावें व मग एकदां लावून पाहावें. पुन्हां तेंच झाल्यास तिसऱ्यांदा हट्ट धरूं नये. तें यंत्राचें आडमुठेपण नसून कदाचित् त्याच्या पहारेकऱ्याचा विचारपूर्वक दिलेला निर्णय असतो. आणि तो मोडून पाहण्याची किंमत आंतील उपकरणाला द्यावी लागते. तीन, या पहारेकऱ्याचें राज्य बाहेर जाणाऱ्या दाबापुरतें आहे. गल्लींतील विजेच्या खांबावर न्यूट्रल तार तुटली तर घरांतील २३० व्होल्टचा दाब ४०० व्होल्टच्या दिशेनें चढूं शकतो. अशा वेळीं दिवे एकाएकीं प्रखर होऊं लागले, तर मुख्य स्विच बंद करणें हेंच पहिलें कर्तव्य होय.

स्वस्त पुरवठायंत्र आणि चांगलें पुरवठायंत्र, दोन्ही चालू असतांना बहुधा सारखींच दिसतात. दोन्हीही ५ व्होल्ट देतात, दोन्हींचे दिवे तसेच हिरवे जळतात. त्यांतील भेद कळतो तो बंद पडण्याच्या क्षणीं. एक यंत्र हातांतलें ओझें धाडकन् टाकून मोकळें होतें. दुसरें तें जपून खालीं ठेवतें, आणि ठेवतां ठेवतांही डोळा उघडा ठेवतें. तो क्षण सेकंदाच्या सहस्रांशाचा असतो व त्याचें कौतुक करावयास कोणी हजर नसतें. परंतु ज्या उपकरणावर घरांतील पत्रें, हिशेब, छायाचित्रें आणि मुलांचा अभ्यास सांठविलेला असतो, त्याचें आयुष्य पुष्कळ अंशीं त्या क्षणावर अवलंबून असतें.